पावसाची ओढ, पोटरीतलं भात आणि खाली उतरलेली डुकरं – वरच्या रानातला पाणवठा जिवंत करू का?

कोंडावरचा · २ सप्टेंबर २०२३

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज गरज पडली म्हणून लिहितोय. जरा लांबलंय पण पूर्ण वाचा.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला. चाळीस गुंठे मळ्याची भातशेती, तिच्या वर उतारावर काजू, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ जातींचे, आणि त्याच्याही वर दहा-अकरा एकर नुसतं रान. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या. ह्या रानाला वाडीत अजून पारधीचं रान म्हणतात. १९७२ चा कायदा यायच्या आधी शिमग्याच्या दिवसांत अख्खी वाडी इथे हाका घालायला, म्हणजे ओरडून जनावर उठवायला जमायची, आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रानाच्या मधोमध पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, एक कोंड (डोह) आहे, त्याचं नावच डुक्करकोंड. वर मोठा कातळ आहे, त्याच्यावर आजोबा रात्र रात्र बसायचे म्हणे. वडिलांनी कधी शिकार केली नाही, मी तर बंदूक हातातही धरलेली नाही. पण कोंड होता, मे महिन्यात सुद्धा त्याला गुडघाभर पाणी असायचं, लहानपणी आम्ही कातळावर पालथं पडून भेकरं यायची वाट बघायचो.

यंदा सगळंच उलटंपालटं झालंय. पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडला, पेरलेलं बी तसंच मातीत पडून राहिलं, लावणी जुलैच्या मध्यावर गेली. मग जुलैत असा कोसळला की आमचे दोन बांध फुटले आणि अधिक श्रावणात जो गायब झाला तो निज श्रावण अर्धा झाला तरी पत्ता नाही. मधे दोन-तीन सरी, जमीन ओली होईपर्यंतसुद्धा नाहीत. परवा बातमीत ऐकलं की देशात १९०१ पासून नोंदी आहेत त्यातला हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. ऐकून बरं नाही वाटलं पण निदान आपल्यालाच असं वाटतंय असं नाही हे कळलं.

२८ ऑगस्टला वर रानात गेलो तर कोंड कोरडा. तळाला चिखल पण नाही, वाळकी पानं आणि दगडाच्या खाचेत ओल शोधत बसलेल्या मधमाश्या. ऑगस्टमधे. मला तिथे उभं राहवेना.

खाली शेतात पंधरा गुंठे रत्नागिरी-१ जातीचं भात आहे ते आता पोटरीत आलंय, म्हणजे लोंबी अजून आतच आहे, बाकी सुवर्णा, ते अजून फुटव्यात आहे. वरच्या खाचरांना बोट जाईल एवढ्या भेगा आहेत. फक्त अगदी खालच्या दोन खाचरांत पऱ्याच्या कडेने थोडं पाणी टिकलंय आणि बरोबर तिथेच गेल्या सहा रात्री डुकरं येतायत. सकाळी जाऊन बघावं तर भात आडवं झालेलं, बांध उकरलेला आणि मधे म्हैस बसावी एवढा खड्डा. एकदा गव्याचे खूरही दिसले. आणि वाडीतली दोन कुत्री पंधरा दिवसांत गेली, म्हणजे बिबट्यापण डुकरांच्या मागे खाली आलाय.

तर मला विचारायचंय की पोटरीतलं भात वाचवायला आत्ता नक्की काय करता येईल, आणि दुसरं म्हणजे वर रानात कोंडाच्या जागी टाकी बांधून किंवा प्लास्टिक टाकून पाणी केलं तर डुकरं वरच थांबतील का. शेजारचे काका म्हणतात पाणी केलंस तर सगळ्या पंचक्रोशीतली डुकरं तुझ्याकडे येतील, आजोबांची बंदूक काढ आणि दोन बार टाक. बंदूक अजून माळ्यावर आहे. मला मारायचं नाहीये पण भातही घालवायचं नाहीये. वडील काही बोलत नाहीत, रोज संध्याकाळी बांधावर जाऊन उभे राहतात.

---

खाचर_बांध · २ सप्टेंबर

भावा, आधी भाताचं बघ, रानाचं त्यानंतर. मी माणगावचा, आमच्याकडेपण हीच गत आहे.

तुझं रत्नागिरी-१ पोटरीत आहे म्हणजे तुझ्याकडे वेळ कमी आहे. भाताला दोन वेळा पाणी चुकवून चालत नाही, पोटरी ते निसवताना म्हणजे लोंबी बाहेर पडताना, आणि दाण्यात चीक भरताना. आत्ता ताण बसला तर लोंबी अर्धी आतच अडकते, बाहेर आली तरी पोचट राहते, आणि मग नंतर कितीही पाऊस पडला तरी त्याचा उपयोग नाही. सुवर्णा गरवं म्हणजे उशिरा तयार होणारं आहे, फुटव्यात आहे, ते अजून आठ-दहा दिवस कळ काढेल, फुटवे कमी होतील पण मरणार नाही. म्हणून जे काही पाणी आहे ते सगळं हळव्याला, म्हणजे लवकर येणाऱ्या रत्नागिरी-१ ला दे. जीव सगळ्यांत अडकतो माहितीये, पण चाळीस गुंठ्यांत पाच सेंटिमीटर पाणी उभं करायचं म्हणजे दोन लाख लिटर लागतं, ते कुठून आणणार. पंधरा गुंठ्यांत तीन सेंटिमीटर म्हणशील तर पंचेचाळीस हजार लिटर, ते पऱ्याच्या डबक्यातून पंप लावून दोन-तीन रात्रीत होऊ शकतं.

पण पंप लावायच्या आधी एक दिवस पूर्ण बांधाला दे. खेकड्यांची बिळं शोध, पायाने दाबून चालत नाही, काठी घालून बघायचं कुठे बाहेर निघतंय आणि दोन्ही तोंडांना चिखल ठोकून भरायचा. आमच्या एका खाचरात सात बिळं निघाली, रात्री भरलेलं पाणी सकाळी खालच्याच्या शेतात. आणि जिथे भेगा मोठ्या झाल्यात तिथे एकदम पाणी सोडू नको, ते सगळं भेगेतून पाताळात जाईल, आधी पायाने तुडवून भेगांची तोंडं मिटव आणि एकेक खाचर पुरं कर मग पुढचं.

युरिया अजिबात फेकू नको कोरड्यात. त्याऐवजी १३-०-४५ हे पाण्यात विरघळणारं खत दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम घेऊन फवार, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. त्याने पाऊस नाही येणार पण झाड चार दिवस जास्त तग धरतं. पाणी नाही म्हटल्यावर तण उसळलं असेल, तेही काढ, ते तुझ्या वाट्याची ओल पितंय.

आणि विसरू नको, ओढीनंतर पाऊस आला की लष्करी अळी बघत राहायची. दिवसा बुंध्यात लपते, रात्री लोंब्या कापते.

विमा भरलायस ना? यंदा एक रुपयात होता. भरला असशील तर पावसाच्या खंडाचं नुकसान कृषी सहायकाच्या कानावर घाल, फोटो तारखेसकट ठेव.

---

लांजा_काजू · ३ सप्टेंबर

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रानात पाणी करू नका. मी २०१९ ला केलं होतं, चांगल्या मनाने केलं होतं, बागेच्या वरच्या अंगाला सिमेंटची टाकी बांधली, उन्हाळ्यात टँकरने भरायचो. दोन वर्षांत डुकरांची अशी सवय झाली की पाणी प्यायला वर आणि खायला माझ्या बागेत. यंदा जूनमधे लावलेली साठ कलमं, वीत-दीड वीत वाढलेली, मुळासकट उपटून टाकली. आत्ता त्या आळ्यांत ओल आहे ना, मी रोज कळशीने घालतोय म्हणून, तर तिथलीच गांडुळं काढायला येतात. माणसाने पाणी घालायचं कलमाला आणि ते डुकराला आमंत्रण.

शहरातले लोक म्हणतात प्राण्यांचंपण रान आहे. आहे ना. पण माझ्या घरात दुसरं उत्पन्न नाही. माझ्या आईने राखणीला बसून बसून पाठ घालवली. कायद्यात तरतूद असेल तर वापरा, काका बोलतायत ते अगदीच चुकीचं नाही.

---

माडाखाली · ३ सप्टेंबर

मी कुडाळचो, मालवणीतच लिवतंय, समजून घेवा.

बाबानू, बंदुकेचो इचार पयलो डोक्यातून काढा. आजो गेलो काय परवानो नातवाक आपसूक येणा नाय. ती बंदूक माळ्यावर ठेवणा हाच गुन्हो असा, पोलीस ठाण्यात नेवन जमा कर आणि कागद घे. आणि शेती संरक्षणाचो परवानो असलो तरी डुकर मारूचो परवानो तो न्हय, तेच्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागता. माझ्या ओळखीतल्या एका घराक ह्या एका बारापायी चार वर्सा कोर्टाच्यो फेऱ्यो घालूच्यो लागल्यो.

आता माझा म्हणणा ऐक. तुझा भात पोटरीत असा ना? मगे तेच्यात दाणो खय असा? दाणो नाय तर डुकर कित्याक इला? तू सवता लिवलंस, म्हशीसारखो खड्डो पडलोहा. ता खावक येणा नाय रे, ता लोळूक येता! डुकराक घाम येणा नाय, आंग थंड करूक चिखल व्हयो. रानात चिखल होतो तवसर ता रानात ऱ्हवला. आमच्या आज्याक ह्या सगळा ठावक होता, तो सांगायचो की पाणी आटला की डुकराची वाट बदालता, वाट बगूची तर पाण्याकडे बग. शिकार करणाऱ्याचा शिकाप शेतकऱ्याक पण कामाक येता.

---

सड्यावरची · ३ सप्टेंबर

माडाखाली दादा अगदी बरोबर बोलले. मला त्याच्याही आधीचं विचारायचंय. कोंडावरचा, तुम्ही म्हणता मे महिन्यातही कोंडाला पाणी असायचं. मग एका ऑगस्टच्या खंडाने तो आटायला नको होता. जुलैत कमी का पाऊस पडलाय? कोंडाच्या वरच्या अंगाला गेल्या दोन-तीन वर्षांत काही बदललंय का? चिरेखाण, रस्ता, सपाटीकरण, तोड?

मी राजापूरची, आमचं आयुष्य सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर गेलं म्हणून विचारते. कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि एप्रिलला हंडा घेऊन फिरायला लागतं हे सगळ्यांना माहिती आहे, पण झऱ्याचं पाणी येतं कुठून हे फार कोणी बघत नाही. वर जांभा, सगळा छिद्राछिद्रांचा, पाऊस पडला की तो पाणी आत घेतो. जांभ्याच्या खाली चिकट पांढरट मातीचा थर असतो, तिथे पाणी अडतं आणि आडवं सरकत सरकत उताराला जिथे फट मिळेल तिथे झरा म्हणून बाहेर येतं. म्हणजे तुमचा कोंड भरतो तो कोंडाजवळ पडलेल्या पावसाने नाही, वरच्या सड्यावर पडलेल्या पावसाने. सड्यावर जेसीबी फिरवून माती दाबून टाकली की तेच पाणी आत जायच्या ऐवजी एका तासात नदीला आणि तिथून समुद्राला. मग जुलैत बांध फुटतात आणि ऑगस्टला कोंड सुकतो, दोन्ही एकाच कारणाने.

म्हणून टाकी बांधायच्या आधी एकदा वर चढून बघा.

---

कोंडावरचा · ४ सप्टेंबर

ताई, तुमचं वाचून आज सकाळी वडिलांना घेऊन सड्यावर गेलो. वडील चार वर्षांनी वर आले.

तुम्ही म्हणालात तसंच आहे. वरचा सडा आमचा नाही, दोन वर्षांपूर्वी तो विकला गेला आणि घेणाऱ्याने सगळा सपाट करून मुरूम टाकून रोलर फिरवलाय, मोठं गेट आहे, प्लॉट पाडलेत. पूर्वी तिथे पावसाळ्यात डबकी साचायची, गवत असायचं, सोनकी फुलायची. आता एका बाजूने गटार काढलंय आणि त्याचं तोंड थेट आमच्या पऱ्यात. जुलैत बांध फुटले ते त्याच पाण्याने, आम्ही पावसाला दोष देत बसलो होतो. वडील इतकंच म्हणाले की तुझे आजोबा दर पावसाळ्याआधी कोंडातला गाळ काढून घ्यायचे आणि सड्यावर कोणाला चूल पेटवू द्यायचे नाहीत.

खाली खेकड्यांची बिळं बुजवली काल, अकरा निघाली. पंप आणलाय भाड्याने.

---

मुरुडकडचा · ५ सप्टेंबर

आजोबांचं वाचलं आणि लिहायलाच बसलो. आमच्याकडे फणसाड अभयारण्य आहे, मुरुड आणि रोहा तालुक्यात. ते १९८६ ला अभयारण्य झालं, त्याच्या आधी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान होतं. त्या रानात पाणवठ्याला गाण म्हणतात, चिखलगाण, फणसाडगाण अशी नावंच आहेत. शिकारीसाठी का होईना पण रान राखलं गेलं, नि पाण्याच्या जागा शाबूत राहिल्या, म्हणून आज तिथे शेकरं-भेकरं दिसतात. आता बुद्धपौर्णिमेच्या रात्री त्याच गाणींवर मचाण बांधून लोक बसतात, फक्त मोजायला. दोन-तीनदा मी बसलोय. उन्हाळ्यात एका पाणवठ्यावर रात्रभरात काय काय येऊन जातं ते एकदा पाहिलं की पाण्याबद्दलची समजूतच बदलते. भेकर किती घाबरत येतं, चार वेळा मागे फिरतं आणि पाचव्यांदा तोंड लावतं.

आता तुमच्या प्रश्नाचं. पाणी करा पण लांजाच्या दादांसारखं नको, त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांची चूक पाणी करण्यात नव्हती, जागेत होती. बागेला लागून पाणी केलं की जनावर बागेतूनच येणार जाणार. तुमचा कोंड रानाच्या मधे आहे, शेतापासून लांब, आजूबाजूला झाडी, तीच जागा बरोबर.

प्लास्टिकचं शेततळं करू नका. सिल्पोलिनचे उभे काठ ओले झाले की भेकराचा खूर टिकत नाही, पडलं की बुडून मरतं, साळिंदर-खवले मांजर तर विचारूच नका. कलमांना पाणी द्यायला जलकुंड केलंत तर त्याला कुंपण हवंच आणि आत एक लाकडी ओंडका तिरका टाकून ठेवा, काही पडलं तर चढून येईल. जनावरांसाठी मात्र काठ बशीसारखे उथळ हवेत, दगड-मातीचे. आणि थोडी कडा मुद्दाम चिखलाची ठेवा, लोळायला. माडाखाली म्हणतात तेच, डुकराला पिण्याइतकाच चिखल महत्त्वाचा.

एक धोका सांगतो. पाण्यावर जनावर जमतं हे चोरट्या शिकाऱ्यालाही माहिती असतं. सुक्या दिवसांत दर दोन दिवसांनी पाणवठ्याच्या वाटा फिरून बघा, क्लचच्या तारेच्या फासक्या लावतात, कधी आतड्यात गुंडाळलेले गावठी बॉम्ब टाकतात. असलं काही दिसलं तर हात लावू नका, वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करा. पारधीचं रान म्हणून नाव आहे ना, मग तिकडे कोणाची तरी नजर असणारच.

---

लांजा_काजू · ५ सप्टेंबर

मुरुडवाले बागेला लागून म्हणाले ते खरं आहे, माझी टाकी शेवटच्या ओळीपासून पंचवीस पावलांवर आहे. पाइप लहान पडत होता म्हणून तिथे केली. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

पण मला सांगा, तुम्ही वर पाणी केलंत आणि तिकडे भातात चीक भरला की डुक्कर येणारच ना? चिखल वर मिळेल, चीक कुठे मिळणार?

---

माडाखाली · ६ सप्टेंबर

ता येतला. दाणो भरताना राखण व्हयीच, तेका इलाज नाय. पंधरा दिवस जागूचा लागता, नायतर सौर कुंपाण घाल, झटक्याचा. पण घरातल्या लाइटीचो करंट तारेत सोडू नको हां, कोणाच्या सांगण्यान पण नको, माणसा मरतत, दरवर्सा मरतत. आणि नुसकान झाला तर त्याच दिवशी वनरक्षकाक कळव, पंचनामो होवक व्हयो, तलाठी आणि कृषी सहायक पण येतत. आमच्याकडे गव्यान नि हत्तीन केलेल्या नुसकानीचे पैशे लोकांक गावलेत. दोडामार्गात २००२ पासून हत्ती आसत, थयल्या लोकांक इचार राखण काय असता ती.

---

सड्यावरची · ६ सप्टेंबर

कोंडावरचा, गटाराच्या तोंडाबद्दल आधी समोरच्याशी बोला, मग ग्रामपंचायतीत लेखी द्या आणि पोच घ्या. ते पाणी तुमच्या पऱ्यात सोडायचं असेल तर एका वाटेने नको, फोडून सोडा.

तुमच्या हद्दीत, रानाच्या वरच्या कडेला, जिथे उतार सौम्य आहे तिथे साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल असे समतल चर काढता येतील, सगळीकडे नाही. एक मात्र आधी बघा. खाली वाडी आहे का? उतार तीव्र असेल, माती खोल आणि भुसभुशीत असेल आणि खाली घरं असतील तर तिथे पाणी मुरवायचं नाही. जुलैत इरशाळवाडीवर दरड कोसळून काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. चर काढायच्या आधी जाणत्या माणसाला जागा दाखवा, दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या मृद-जलसंधारणवाल्यांना विचारा, तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आणि वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पिशव्यांचा, आत्ता घालू नका. पाऊस परत आला की पिशव्या वाहून जातील. ऑक्टोबरमधे पाऊस थांबला आणि पऱ्याची धार मनगटाएवढी झाली की घाला.

---

हापूस_पावस · ७ सप्टेंबर

आज गोपाळकाला आणि आमच्याकडे सकाळपासून पाऊस आहे, चांगला लागलाय. संगमेश्वरला आहे का?

आंब्याचं कोणी विचारलं नाही पण सांगतो, ज्यांनी मोहोरासाठी कल्टार घातलंय आणि ऑगस्टमधे जमीन कोरडी होती त्यांचं औषध मुळांपर्यंत पोचलं की नाही शंका आहे, त्याला ओल लागते. पुढे ऑक्टोबरात मात्र ताण बसलेला बराच, त्यानेच मोहोर येतो. तेव्हा घाबरून झाडाला पाणी घालत बसू नका. पाणी घालायचं ते फळ वाटाण्याएवढं झाल्यावर, झाडाला दीड-दोनशे लिटर, पंधरा दिवसांनी एकदा असं तीन-चार वेळा.

---

कोंडावरचा · ११ सप्टेंबर

आला! सात तारखेला रात्री सुरू झाला, तीन दिवस होता. पंधरा गुंठ्यांपैकी दहा गुंठ्यांना त्याच्या आधी पंपाने पाणी मिळालं होतं, तिथे लोंबी पूर्ण बाहेर पडलीय. उरलेल्या पाच गुंठ्यांत अर्धी अडकलीय, दोन्हीतला फरक बांधावरून सुद्धा दिसतो. सुवर्णा हिरवीगार झाली. पहिल्या रात्री बेडूक ओरडायला लागले तेव्हा लक्षात आलं की महिनाभर आवाजच नव्हता.

डुकरं दोन रात्री आली नाहीत. बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, वडील बरोबर आले. कातळावर आजोबा बसायचे तिथे एक जागा गुळगुळीत झालेली आहे, परवा मी तिथे बसून आलो. कोंडात घोट्याएवढं पाणी होतं.

---

कोंडावरचा · १९ नोव्हेंबर २०२३

कोणी वाचत असेल तर पुढचं सांगतो. भात झोडून झालं. चाळीस गुंठ्यांत एरवी बारा-तेरा क्विंटल होतं, यंदा नऊ भरलं. चीक भरताना डुकरं आलीच, लांजावाले दादा म्हणाले तसं. आम्ही आणि शेजारचे काका आळीपाळीने सतरा रात्री जागलो, डबे वाजवले, दोन खाचरं तरीही गेली, त्याचा पंचनामा झालाय. पण ऑगस्टसारखं लोळण एकदाही झालं नाही. बंदूक काढ म्हणणारे काकाच राखणीला सगळ्यात जास्त बसले.

गटाराचं अजून सुटलेलं नाही. लेखी दिलंय, पोच आहे, समोरचा माणूस भेटायला तयार नाही. कृषी खात्याचे एक जण येऊन जागा बघून गेले, वाडीच्या वरच्या उताराला चर नको म्हणाले, पश्चिमेकडच्या सपाट तुकड्यावर चालतील म्हणाले, तेवढे मेच्या आधी करणार. कोंडातला गाळ काढला, चौदा घमेली नाही तर चौदा ट्रॉल्या निघाव्यात एवढा होता, सगळा वरून वाहून आलेला मुरूम. तो काजूच्या उतारावरच्या रस्त्याला टाकला.

परवा कोंडाच्या खालच्या तोंडाला वनराई बंधारा घालायला घेतला. साडेतीन फूट उंच करायचाय, दोन फुटांपर्यंत आलाय आणि पाणी मागे सरकायला लागलंय. काल सकाळी काठाच्या चिखलात डुकरांचे खूर होते, पिल्लांचेपण, आणि एका बाजूला भेकराचे, बोटाच्या पेराएवढे. लोळण वरच झालेलं आहे.

गोण्या संपल्यात. साधारण सत्तर-ऐंशी अजून लागतील. देवरुख-साखरपा बाजूला कोणाचं बांधकाम चालू असेल आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पडून असतील तर इथे सांगा, मी येऊन घेऊन जाईन. फाटक्या नकोत, बाकी कशाही चालतील.